सुंदरबन की भितरकनिका? बोटीतून कांदळवन बघणाऱ्यांसाठी

बंगालचं सुंदरबन आणि ओडिशातलं भितरकनिका, दोन्हीकडे जाऊन आलोय, त्यामुळे इथे ठाण्यात ओळखीतलं कुणी प्लॅन करायला लागलं की विचारतंच, एकच करायचं तर कुठलं. ऐरोलीची फ्लेमिंगोची बोट केली असेल तर भरती-ओहोटीचं गणित, चिखल, तिवरं हे सगळं माहितीच आहे, ते परत सांगत नाही.

बोटीवर राहण्याची मजा म्हणाल तर सुंदरबन पुढे, यात वादच नाही. गोदखालीच्या धक्क्यावर बोटीत चढलं की जेवण, झोप, आंघोळ सगळं बोटीवरच, रात्री नांगर टाकून इंजिन बंद केलं की नुसतं पाणी ऐकत पडायचं, आणि खाणं तर काय, मोहरीच्या तेलातली भेटकी, म्हणजे आपला जिताडाच, आगरी रश्श्यावर वाढलेल्या आमच्या पोरांनी मागून मागून खाल्ली. भितरकनिकाला बोट फक्त दिवसा, रात्री उद्यानातल्या डांगमालला वनखात्याच्या खोलीत, डाळ-भात-भाजी आणि लवकर झोप.

पण सुंदरबनात मला जे खटकलं ते म्हणजे वाघाची वाट बघणं. भारताच्या बाजूला वाघ शंभरच्या आसपास, तेही हेंताळाच्या, म्हणजे शिंदीसारख्या झाडांच्या दाट झाडीत, आणि सजनेखाली, सुधन्यखाली, दोबांकीसारखे मनोरे सोडले तर पाय खाली टेकवता येत नाही, मग अख्खी बोट दिवसभर किनाऱ्याकडे डोळे लावून बसते. समोर तपकिरी पंखांचा खंड्या बसलाय, लालभडक जाडजूड चोच, मी म्हणतोय दादा जरा हळू घ्या, तेवढ्यात शेजारच्या बोटीवरून कुणीतरी ओरडलं की पुढच्या खाडीत वाघ पाण्यात उतरला. झालं, सगळ्या बोटी धूर सोडत तिकडे. पोचलो तर चिखलात नुसती पावलं, आणि खंड्याही गेला. संध्याकाळी चहावर सगळ्यांची तोंडं उतरलेली, दिवसभर चितळ, घोरपडी, निवट्या बघून झाल्यावरही "काहीच नाही दिसलं हो".

भितरकनिकाची स्टार म्हणजे खाऱ्या पाण्यातली मगर, आणि थंडीत ती बहुतेक दिसतेच. 1975 मध्ये मगर प्रकल्प सुरू झाला तेव्हा शंभरच्या आत होत्या, 2024 च्या मोजणीत 1,811 भरल्या. थंडीत सकाळी ओहोटी असली की अंग तापवायला चिखलावर येऊन पडतात. आम्हाला दिसलेली एक तर अवाढव्य, पाठीवरचा चिखल वाळून पांढरा पडलेला, जबडा उघडा, बोट जवळ गेली तरी डोळासुद्धा हलेना, आणि मग एकदम पोटावर घसरत पाण्यात, आवाज जवळपास नाहीच. मगर एकदा दिसली की बोटीतले सगळे निवांत होतात, बोटवालाही इंजिन कमी करतो आणि मग खरी मजा सुरू होते. खंड्याच्या आठ जाती आहेत तिथे, आणि त्या बघायला वेळही मिळतो.

आता यात आमच्या नशिबाचाही भाग असेल, ज्याला सुंदरबनात वाघ दिसला तो माझं ऐकणार नाही आणि बरोबरच आहे त्याचं. सोबत वयस्कर माणसं असतील, रोज सामान उचलून चढ-उतर नको असेल तर सुंदरबनच सोयीचं, कल्याणहून गीतांजली धरली की हावडा. भितरकनिकाला कोणार्कने भुवनेश्वर आणि पुढे गाडीने चारएक तास हाडं खिळखिळी.

तारखा मात्र नीट बघा. मे ते जुलै मगरी अंडी घालतात म्हणून उद्यान बंद असतं, जानेवारीतही मोजणीसाठी काही दिवस बंद ठेवतात. तिथल्या बागागहनला मुग्धबलाक करकोच्यांची वसाहत बघायची तर पावसाळ्यानंतर लगेच जायला हवं, मगरी ऊन खाताना बघायच्या तर डिसेंबर. मी परत जाईन तर भितरकनिकालाच. खोली डांगमालचीच घ्या, सकाळी उठल्या उठल्या बोटीत बसता येतं.