सारंगखेड्याची निळी घोडी आणि रॉ फाइल

सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेतून चोपड्याला परतलो, कॅमेऱ्याचं कार्ड लॅपटॉपला लावलं आणि बायको मागून म्हणाली, "आवं, हाई घोडी नियी कशी दिखी ऱ्हायनी?"

खरंच निळी होती. नुकरा जातीची पांढरीशुभ्र घोडी, आणि फोटोत अंगाला नीळ जास्त झालेल्या धोतराचा रंग. आदल्या रात्री चहाच्या पालात पिवळ्या बल्बखाली फोटो काढताना व्हाइट बॅलन्स (कुठल्या उजेडात पांढरं पांढरं दिसावं, ते कॅमेऱ्याला सांगणारं सेटिंग) बल्बवर ठेवला, तो सकाळी बदलायचा राहून गेला. चूक शंभर टक्के माझी.

कॅमेरा सोनी आरएक्स१००, २०१२ सालचं पहिलं मॉडेल, जुना घेतलेला. एक इंची सेन्सर, २०.२ मेगापिक्सेल, वजन २४० ग्रॅम. शर्टाच्या खिशात मावतो, पण खिसा ओघळतो. एवढ्याशा डबीत रॉ, म्हणजे फोटोची कच्ची फाइल, मिळते म्हणूनच घेतला, आणि दोन वर्षं जेपीईजीवरच, म्हणजे नेहमीच्या तयार फोटोवरच वापरला. आळस, दुसरं काय!

त्या सकाळी निम्मे फोटो जेपीईजीत होते, निम्मे रॉमध्ये. रॉ फाइल डार्कटेबलमध्ये उघडली (हे सॉफ्टवेअर फुकट आहे) आणि व्हाइट बॅलन्सचा ठिपका शेजारच्या म्हाताऱ्याच्या पांढऱ्या टोपीवर टेकवला. घोडी जागच्या जागी पांढरी झाली. नाकपुडीभोवतीची गुलाबी कातडी दिसायला लागली, तापीकाठची धूळ पुन्हा धुळीच्या रंगाची झाली. रॉमध्ये कॅमेरा रंग ठरवून टाकत नाही, सेन्सरने मोजलेला उजेड तसाच लिहून ठेवतो. जेपीईजीत तो रंग, धार, सगळं स्वतः ठरवतो आणि उरलेलं फेकून देतो. मग जेपीईजीतली घोडी पांढरी करायला गेलो तर टोप्या पिवळट, माणसांचे चेहरे कावीळ झाल्यासारखे, आणि सावलीत रंगाचे पट्टे. जेपीईजीच्या ८ बिटांत प्रत्येक रंगाच्या २५६ छटा, या कॅमेऱ्याच्या रॉमध्ये १२ बिट म्हणजे ४,०९६. ओढाताण झाली की हा फरक उघडा पडतो.

उन्हाचंही तेच. मानेवरचे केस जेपीईजीत नुसता चुना होते, रॉमधून परत आले. घोडीच्या मागच्या पुठ्ठ्यावर मात्र ऊन इतकं होतं की सेन्सरच भरून गेला होता. तिथे रॉमध्येही काही नव्हतं. रॉ म्हणजे जादू समजणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं.

म्हणून आता सगळंच रॉमध्ये काढतो का? छे! शेतात भरीत पार्टी असली की सरळ जेपीईजी. कपाशीच्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजताना आयएसओ ३२०० ला (कमी उजेडासाठी सेन्सरची वाढवलेली संवेदनशीलता) चेहरे जरा मेणासारखे गुळगुळीत येतात, वांग्याच्या करपलेल्या सालीचे पापुद्रे सपाट होतात; रॉमध्ये दाणे दिसले तरी ते पापुद्रे राहतात. पण भाऊबंदांना फोटो ताटावरून उठायच्या आत व्हॉट्सअ‍ॅपवर हवे असतात, आणि सोनीची एआरडब्ल्यू, म्हणजे रॉ फाइल त्यांच्या फोनवर उघडत नाही. या मॉडेलला वायफायही नाही, कार्ड रीडर खिशात ठेवावा लागतो.

जागेचा हिशेबही आहेच. रॉ साधारण २० एमबी, चांगल्या प्रतीचं जेपीईजी पाच ते सात. एकदा भाचीच्या हळदीला हौसेने सगळं रॉ काढलं. सहाशे फोटो, माझा म्हातारा लॅपटॉप आणि गव्हाला पाणी द्यायच्या रात्री! फोटो पोचले तेव्हा भाची पहिल्या मुळाला माहेरी आली होती.

घोड्यांची चाल टिपायलाही जेपीईजीच ठेवतो. माझं कार्ड जुनं आणि संथ. रॉच्या जड फायली उतरेपर्यंत घोडा मैदानाच्या पार टोकाला गेलेला असतो. उभा घोडा, पहाटेचं धुकं, आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीसमोरचे दिवे, म्हणजे उजेड अवघड आणि वेळ पुन्हा न येणारी, तिथे रॉ.

हा कॅमेरा जुना घेणार असाल तर एफ ११ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र अगदी बारीक करून, मोकळ्या आभाळाचा एक फोटो काढून मोठा करून बघा. लेन्स निघत नाही, त्यामुळे आत गेलेली धूळ घरी पुसता येत नाही, आणि आपल्याकडे धुळीला काय तोटा! आभाळात काळे ठिपके दिसले तर रॉ असो की जेपीईजी, छिद्र बारीक ठेवलेल्या प्रत्येक फोटोत ते येणार.