स्केअरक्रो व्हिडिओ, सिएटल: "हे नको नेऊस" म्हणणारं दुकान

पाचपैकी पाच स्टार, हे आधीच सांगून टाकते म्हणजे ज्यांना नुसता आकडा हवाय ते मोकळे. बाकीच्यांनी जरा बसा, कारण हे व्हिडिओ लायब्ररीचं दुकान आहे, हो हो, डीव्हीडी, ब्लू-रे आणि चक्क व्हीएचएस कॅसेटी भाड्याने देणारं, आणि आजच्या तारखेला असल्या दुकानाचा रिव्ह्यू लिहायला बसलं की घरातलेच विचारतात, बरी आहेस ना?

दुकान युनिव्हर्सिटी डिस्ट्रिक्टमध्ये रूझवेल्ट वेवर आहे. २०२१ मध्ये लाइट रेलचं यू डिस्ट्रिक्ट स्टेशन झाल्यापासून मी गाडी काढतच नाही, स्टेशनवरून दहा-बारा मिनिटं चाललं की आलं, आणि शनिवारी संध्याकाळी त्या भागात पार्किंग शोधणं म्हणजे डोक्याला ताप, त्यात एक अख्खी फिल्म बघून होईल.

१९८८ साली जॉर्ज आणि रिबेका लाट्सिओस या नवराबायकोने सहाशेच्या आसपास कॅसेटींवर हे सुरू केलं, आता आकडा दीड लाखाच्या घरात आहे. आणि १९८८ काय वर्ष होतं बघा, आपल्याकडे 'अशी ही बनवाबनवी' आली, रामसे बंधूंचा भुताटकीचा 'वीराना' आला, कमल स्वरूपचा 'ओम-दर-ब-दर' बनला (तो आपल्याकडे थेटरात लागायला २०१४ उजाडलं ते सोडा), आणि तिकडे हॉलिवूडमध्ये 'चाइल्ड्स प्ले' आला, ज्याच्या पोटातून पाच वर्षांनी आपला तात्या विंचू निघाला. जॉर्ज पुढे ब्रेन ट्यूमरने आजारी पडला, कर्ज डोक्यावर, तेव्हा मायक्रोसॉफ्टमधल्या दोघांनी दुकान विकत घेऊन चालू ठेवलं, आणि २०१४ मध्ये ते ना-नफा संस्था झालं. त्या वेळी किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर एक लाख डॉलर मागितले होते, लोकांनी त्याच्यापेक्षा जास्त दिले. २०२४ मध्ये परत हाक दिली, या वेळी १८ लाख डॉलरची, म्हणजे असं दुकान चालवणं किती जिकिरीचं आहे ते समजा. भाड्यावर एवढा पसारा चालत नाही, देणगीवर चालतो.

आता मुद्द्याचं. तिथे सायकोट्रॉनिक म्हणून एक विभाग आहे. हॉरर, सायन्स फिक्शन, राक्षस, झोंबी, खुनी प्राणी, परग्रहवाले, थोडक्यात ज्या फिल्मांची नावं आपण पाहुण्यांसमोर घेत नाही त्या सगळ्या तिथे. आणि लावलंय कसं, तर चांगली आणि टुकार असा भेदच नाही, ज्या फिल्मवर लोकांनी पीएचड्या केल्या ती आणि जिच्यात रबराचा खेकडा दोरीने ओढलाय ती, दोघी शेजारीशेजारी. मला दुकानातली सगळ्यात आवडलेली गोष्ट ही. ओटीटीवर काय होतं, मी एकदा चुकून कोरियन भुताची फिल्म बघितली तर पुढचे दोन महिने कोरियन भुतंच भुतं. इथे हात एका कॅसेटकडे जातो आणि शेजारची घरी येते. बाकीचं दुकान देशांप्रमाणे, दिग्दर्शकांप्रमाणे लावलंय, ते शहाण्या माणसांसाठी चांगलं आहे, मी तिकडे क्वचित जाते.

दुसरी गोष्ट काउंटरवरची माणसं. मी 'द रूम' घेऊन गेले होते, २००३ ची ती टॉमी वायझोची, जिच्या शोला लोक पडद्यावर प्लास्टिकचे चमचे फेकतात, कारण सेटवर चमच्याचा फोटो फ्रेम करून ठेवलाय. काउंटरवरची मुलगी म्हणाली एकटी बघणार असशील तर नको नेऊस, दहा जण जमव आणि मग ये. मी कॅसेटवाल्याकडून, ओटीटीकडून, थेटरवाल्याकडून, कुणाहीकडून आयुष्यात "नको नेऊस" ऐकलं नव्हतं. तिने भाडं सोडलं ना! आणि बदल्यात काय दिलं, तर 'प्लॅन ९ फ्रॉम आउटर स्पेस', म्हणाली ही एकटीनेही चालते. च्यायला, काय चालते. दिग्दर्शक एड वूडने 'ड्रॅक्युला'वाल्या बेला लुगोसीचं थोडंसं शूटिंग करून ठेवलं होतं, लुगोसी १९५६ मध्ये गेला, तर या पठ्ठ्याने बायकोच्या कायरोप्रॅक्टरला, म्हणजे पाठ-मणके दाबून देणाऱ्याला, उभा केला. तो लुगोसीपेक्षा उंच, चेहरा काडीचा जुळत नाही, म्हणून अख्खी फिल्म तो तोंडासमोर झगा धरून फिरतो.

ही मी घरी लावली तेव्हा सासूबाई आलेल्या होत्या, त्या सोफ्यावर भाजी निवडत होत्या. जरा वेळाने म्हणाल्या, "अगं, ह्याला पडसं झालंय का? सारखं तोंड झाकतोय." मी कारण सांगितलं तर इतक्या हसल्या की मेथी राहिली बाजूला, आणि मग त्यांनी शेवटपर्यंत बघितली, उठल्याच नाहीत. नवरा कामावरून आला, म्हणाला, "अगं आईला काय दाखवतेस हे!" तर आई म्हणतात, "गप रे, बघू दे, तबकडी उडतीये, दोरी पण दिसतीये." त्यानंतर त्यांना घेऊनच गेले दुकानात. त्यांनी पूर्ण सायकोट्रॉनिक पालथं घातलं, पदर सावरत.

माझं मत विचाराल तर 'प्लॅन ९' 'द रूम'च्या शंभर पट वर. वायझोच्या फिल्मभोवती आता चमच्यांचा धंदाच जास्त झालाय, टी-शर्ट काय, टूर काय. एड वूडला खरंच वाटत होतं आपण काहीतरी महान करतोय, आणि ते प्रत्येक फ्रेममध्ये दिसतं, खोटा थडग्याचा दगड हलतो तेव्हासुद्धा. वायझोलाही तसंच वाटत होतं असं म्हणणारे आहेत, त्यांच्याशी मी भांडायला तयार आहे. काउंटरवरच्या मुलीशी भांडलेही. ती म्हणाली दहा जण जमवले नाहीस ना अजून, मग बोलू नकोस.

आता तिसरी गोष्ट, तिथे येणारी माणसं. तुम्ही एखादं कव्हर जरा जास्त वेळ हातात धरलंत की शेजारून कुणीतरी बोलणारच. माझ्याशी एक पांढऱ्या दाढीचे काका बोलले, हातात जपानची 'हाउस', १९७७ ची, नोबुहिको ओबायाशीची. म्हणाले, हिच्यात पियानो मुलीला खातो. मी म्हटलं बरं. म्हणाले, दिग्दर्शकाने स्वतःच्या शाळकरी मुलीला विचारलं तुला कशाची भीती वाटते, आणि तिने सांगितलं ते घेतलं. आणि खरंच तशीच आहे ती, लहान पोराने ताप चढलेला असताना सांगितलेली भुताची गोष्ट असते ना, कशाचा कशाला पत्ता नाही पण भीती मात्र खरी. मांजर, आरसा, गाद्या, विहिरीतून वर आलेलं मुंडकं, आणि वर जाहिरातीतल्यासारखे गोडगोड रंग. मी ती लागोपाठ दोनदा बघितली.

मग उलट द्यायला नको? नुसतं घेऊन कसं चालेल, तिथला रिवाजच तो आहे, एक घेतलीत तर एक सांगा. मी काकांना रामसे सांगितले. मोंडो मकाब्रो नावाच्या कंपनीने रामसेंच्या सहा फिल्मांचा ब्लू-रे संच काढलाय, 'पुराना मंदिर', 'वीराना', 'बंद दरवाजा' वगैरे, तर अमेरिकेतल्या हॉररवेड्यांना रामसे माहीत असतात, आपल्यालाच वाटतं की ते आपल्या गल्लीतलं गुपित आहे. काकांनाही माहीत होते. पण 'पुराना मंदिर'मध्ये सामरी सैतानाच्या गोष्टीच्या मध्येच जगदीपचं 'शोले'चं विडंबन का येतं हे त्यांना कळत नव्हतं, त्यांना वाटलं डिस्कवर चुकून दुसरी फिल्म आलीये. त्यांना समजावलं की १९८४ मध्ये तिकीट काढून आलेल्या माणसाला भूत, गाणी, फायटिंग आणि हसणं सगळं एकाच पैशात हवं असायचं, ते एका फिल्ममध्ये नाही मिळालं तर तो शिव्या घालायचा. 'महाकाल'मध्ये तर 'नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट' उचललाय आणि त्यात जॉनी लिव्हर मायकल जॅक्सन झालाय. हे ऐकून काका खालीच बसले.

आणि मग मी तात्या विंचू काढला. 'झपाटलेला', १९९३, महेश कोठारे. एक गुंड मरताना मंत्र म्हणतो आणि बाहुल्यात शिरतो. काका म्हणाले अरे हा तर 'चाइल्ड्स प्ले'मधला बाहुला, चकी. मी म्हटलं थांबा. चकीच्या मागे हॉलिवूडचा सगळा लवाजमा होता, इकडे रामदास पाध्यांची बाहुली, दिलीप प्रभावळकर आणि समोर लक्ष्या. चकीला बघून मी कधी लाइट लावून झोपले नाही, तात्या विंचूला बघून आमची अख्खी चाळ झोपली नाही, कारण चकी शिकागोत होता आणि तात्या विंचू आपल्यासारखं मराठी बोलायचा. "ओम फट् स्वाहा" मी तिथे, त्या दोन रॅकच्या मध्ये, करून दाखवलं. पलीकडून कुणीतरी विचारलं, काय झालं? काकांनी नाव लिहून घेतलं, देवनागरीत कसं दिसतं ते पण लिहून घेतलं.

माझी काकांना आणखी एक शिफारस होती 'बनवाबनवी'ची, पण ती मी गिळली. ती कशी देणार हो? सबटायटलमध्ये "हा माझा बायको पार्वती" गेलं की गेलं. काही फिल्मा हातात देता येत नाहीत, सोबत बसून दाखवाव्या लागतात, त्यातली ती एक. त्यापेक्षा 'ओम-दर-ब-दर' देणं सोपं, ती कुणालाच कळत नाही त्यामुळे सगळे एका पातळीवर.

लोक विचारतात की सगळं ऑनलाइन असताना कशाला जायचं. सगळं नाहीये ना ऑनलाइन. एलेन मेची 'द हार्टब्रेक किड', १९७२ ची मूळची, तिचे हक्क एका औषध कंपनीकडे आहेत, कारण जी कंपनी फिल्मा बनवायची ती त्या औषधवाल्यांची पोटकंपनी होती. औषध कंपनीला फिल्म स्ट्रीमिंगवर देण्यात काय रस असणार! जुनी डीव्हीडी आता निघत नाही, मग ती विकत घ्यायची तर लोक वाट्टेल ते भाव लावतात. कुठे गाण्याच्या हक्कांचं भांडण, कुठे निर्मात्याच्या वारसांचं, कुठे मूळ प्रिंटच नाही, फक्त व्हीएचएसवर उरलेलं. नेटफ्लिक्सने पोस्टाने डीव्हीडी पाठवणं २०२३ च्या सप्टेंबरात बंद केलं, तिथे निदान असल्या काही फिल्मा मिळायच्या. स्केअरक्रोही पोस्टाने भाड्याने देतं, वॉशिंग्टन राज्याच्या बाहेरच्यांनाही, तेव्हा न्यू जर्सी आणि टेक्सासवाल्यांनी रडू नये. पण पोस्टाने काका येत नाहीत.

जाण्याआधी थोडं तांत्रिक, कारण भाडं भरून घरी आल्यावर डिस्क चालली नाही की लोक दुकानाच्या नावाने बोंबलतात. इथे परदेशी डिस्का खूप आहेत. डिस्कांना देशांप्रमाणे रीजन ठरलेला असतो, दुसऱ्या रीजनची डिस्क साध्या प्लेअरवर चालत नाही: अमेरिकेतला साधा डीव्हीडी प्लेअर रीजन १ चा, भारतातल्या डिस्का रीजन ५ च्या, ब्लू-रेला अमेरिका ए, युरोप बी, भारत सी. त्यामुळे रीजन-फ्री प्लेअर घ्याच, एकदाच पैसे जातात आणि मग घरून आणलेल्या मराठी डिस्कासुद्धा लागतात. व्हीएचएससाठी व्हीसीआर जुना शोधावा लागेल, नवे बनायचे २०१६ मध्येच थांबले, फुनाई नावाची जपानी कंपनी शेवटची होती. आणि आईकडच्या कपाटातल्या लग्नाच्या कॅसेटी या व्हीसीआरवर लावायला जाऊ नका, त्या पाल नावाच्या व्हिडिओ सिस्टिमच्या, इथली सिस्टिम वेगळी, एनटीएससी, नुसत्या रेघा दिसतील. काही दुर्मिळ कॅसेटींना डिपॉझिट ठेवावं लागतं, ते बघून दचकू नका, परत मिळतं, आणि ती कॅसेट हरवली तर दुसरी कुठे मिळणार नाही म्हणून ते आहे.

पहिल्यांदा जाणाऱ्याची पंचाईत अशी होते की इतकं बघून डोकं बंद पडतं, अर्धा तास फिरून माणूस शेवटी 'ब्लेड रनर' घेऊन येतो, जी घरी पण होती. कॅटलॉग ऑनलाइन आहे, एखादं नाव आधीच ठरवून जा, ते हातात आलं की मग भटका. काउंटरवर "काहीतरी चांगलं द्या" म्हणू नका, त्यांना काही कळत नाही त्यातून. तुम्हाला शेवटची कुठली फिल्म अजिबात आवडली नाही ते सांगा, बरोबर सापडतं त्यांना. स्टाफच्या शिफारशींचा रॅक आहे तोही चाळा, पण तिथल्या सगळ्यांची चव सारखी नाही, एकदोघांच्या चिठ्ठ्या वाचून कोण आपल्या चवीचं ते ओळखायचं. माझं एकाशी अजिबात जमत नाही, त्याने जे जे उचलून धरलंय ते मी डोळे झाकून सोडते, आणि तो सुद्धा एक उपयोगच झाला.

ऑक्टोबरात ते सायकोट्रॉनिक चॅलेंज ठेवतात, महिनाभर रोज एक, प्रत्येक दिवसाला वेगळा विषय. त्या महिन्यात चांगल्या हॉरर फिल्मा लवकर उचलल्या जातात, तेव्हा सप्टेंबरातच यादी करून ठेवा. सासूबाईंनी फोनवर विचारलंय, "यंदा तबकडीवालं आणखी काही आहे का?"