खुब्यातलं कलम: नऊ महिने वापरल्यावर

मोर्शी-वरुडकडच्या माणसाला कलम काय ते शिकवावं लागत नाही. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरायचा, पट्टी आवळायची आणि जीव धरेपर्यंत हात लावायचा नाही. डॉक्टर 'बोन ग्राफ्ट' म्हणाले तेव्हा मी डोक्यात हेच धरलं. अर्धं बरोबर निघालं, अर्धं चूक.

मोटरसायकल घसरून मांडीच्या हाडाची मान मोडली होती. पहिल्या दवाखान्यात तीन स्क्रू बसवले. सहा महिन्यांनंतरही तूट तशीच, स्क्रू मागे सरकलेले, पाय आखूड. "जुळेल हळूहळू" ऐकत आणखी दोन महिने गेले. ते दोन महिने अजून बोचतात.

दुसऱ्या डॉक्टरांनी कागदावर रेघ काढून दाखवली. माझी तूट जवळजवळ उभी होती, म्हणून अंगाचं वजन पडलं की वरचा तुकडा खालच्यावरून घसरायचा. त्यांनी मानेच्या खाली हाडाची पाचर कापून काढली, कोन बदलला आणि धातूची पट्टी ठोकली. आता तूट तीस अंशांच्या आसपास, आडवी. जे वजन तूट उघडत होतं, तेच आता तिला दाबून धरतं. पाउवेल्स नावाच्या जर्मन डॉक्टरांचा हा जुना हिशेब आहे म्हणे. शिवाय तुटीतून आरपार माझ्याच पायाचं हाड घातलं, नडगीशेजारचं बारीक. अंगाचा भार मुख्यतः नडगी पेलते, त्यामुळे ते काढलं तरी चालतं. घोट्याजवळचा भाग मात्र ठेवतात.

खरं सांगतो, खुब्यापेक्षा तो पायच जास्त छळला. खुबा तीन आठवड्यांत शांत झाला, पण पोटरीची बाहेरची बाजू तीन महिने ठणकायची. आधी कोणी बजावलं नव्हतं, म्हणून लिहितोय.

कलमाची चूक आता सांगतो. संत्र्यात डोळा जगतो आणि जंबेरी फुटली की तोडतो. हाडात उलटं. घातलेलं हाड बहुतेक मरतं, नुसता सांगाडा उरतो. आजूबाजूच्या जिवंत हाडातून रक्तवाहिन्या त्यात शिरतात, जुनं खाल्लं जातं, नवं भरतं. म्हणजे खुंटच फुटायला हवा. सहा आठवड्यांच्या एक्सरेत मधोमध पांढरी काडी लख्ख दिसली. आई म्हणाली, "काऊन रे, हे तं वेगळंच दिसून राह्यलं, जुडलं नाई का?" सहाव्या महिन्यात काडीच्या कडा धूसर झाल्या आणि तूट पुसट. डॉक्टर खूश झाले ते त्या धूसरपणावर.

रक्त पोचलं तरच हे सगळं, आणि तिथेच खर्रा आडवा आला. तंबाखूतल्या निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, हाड जुळायला उशीर होतो. अकरा वर्षांची सवय. पहिले पंधरा दिवस घरच्यांवर नुसता खेकसत होतो. चौकात बसणारे मित्र "एक पुडी घे ना बे" म्हणायचे, म्हणून चौकच सोडला.

सामानाबद्दल. वॉकर दवाखान्याच्या फरशीवर राजा, सारवलेल्या अंगणात बिनकामाचा. पावसात एकदा सटकलोच, बायकोने धरलं. कुबड्या बऱ्या, पण खालचे रबरी बूट मुरमाच्या रस्त्यावर दीड महिन्यात झिजतात. जादा जोडी घेऊन ठेवा. सगळ्यात कामाची वस्तू कमोड खुर्ची. उकिडवं बसणं अजून बंद आहे आणि शेतात तर आडोसाच नाही.

पहिले सहा आठवडे पाय टेकवायचा नव्हता. मग अंगठा टेकवून, मग निम्मं वजन. ते निम्मं किती हे घरच्या वजनकाट्यावर उभं राहून शिकलो. चौथ्या महिन्यात एक कुबडी सुटली, सहाव्यात दुसरी.

आज एसटीच्या पायऱ्या डावा पाय आधी टाकून चढतो. पाय सेंटिमीटरभर आखूड राहिला आहे, चपलेत टाच बसवून घेतली. बांधावरून चालताना कंबर हलते, ते लपत नाही. ओलिताला रात्री जातो. पाठीवरचा सोळा लिटरचा फवारणी पंप मात्र अजून खुंटीलाच आहे. यंदा भावाने फवारलं, तेही दोनदा आठवण करून दिल्यावर.