अमरनाथ यात्रेसाठी घेतलेले ट्रेकिंगचे बूट : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

अमरनाथला पहलगाममार्गे पायी जायचे ठरल्यावर मी घोटा पूर्ण झाकणारे, जलरोधक अस्तराचे बूट हिवाळ्यातच घेतले आणि निघेपर्यंत रविवारी आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढता-उतरताना तेच वापरले. आता यात्रा झाली, पुण्यातला पावसाळाही सरत आला, त्यामुळे त्यांच्याविषयी खात्रीने लिहिता येते.

सर्वांत आधी मापाविषयी सांगायला हवे. दिवसभर चालल्यावर पाय थोडा सुजतो, म्हणून बूट संध्याकाळी आणि लोकरीचे जाड मोजे घालूनच पाहावेत. मी नेहमीपेक्षा एक माप मोठे घेतले होते. चंदनवाडीहून पिस्सू टॉपपर्यंतची तीन किलोमीटरची उभी चढण दम काढते हे जाऊन आलेला प्रत्येक जण सांगतो. नखांचा कस मात्र दुसऱ्या दिवशीच्या उतारावर लागतो. शेषनागहून सुमारे 14,000 फुटांवरच्या महागुणस खिंडीत पोहोचल्यावर पुढे पंचतरणीपर्यंत नऊ-साडेनऊ किलोमीटर बहुतेक उतरणच आहे आणि प्रत्येक पावलाला पंजा पुढे ढकलला जातो. खिंडीत थांबून घोट्यापाशी लेस नव्याने आवळली, त्यामुळे टाच जागेवर राहिली आणि अंगठे बुटाच्या टोकावर आपटले नाहीत. आमच्यातल्या एकाची दोन्ही नखे त्याच उतारावर काळीनिळी पडली.

पकडीबाबत मी समाधानी आहे, पण पूर्णपणे नाही. कोरड्या कातळावर आणि मुरमाच्या घसाऱ्यावर सोल उत्तम धरतो. यात्रेच्या वाटेवरच्या, खेचरांच्या लिदीने आणि वितळलेल्या बर्फाने झालेल्या चिखलातही खोल खाचांमुळे पाय निसटला नाही. शेवाळलेल्या ओल्या दगडावर मात्र त्याचा भरवसा नाही, तिथे काठीच हवी. जलरोधक अस्तराचीही दुसरी बाजू आहे : वरून एकदा पाणी आत गेले की ते बाहेर पडत नाही, आणि पुण्याच्या दमट हवेत रद्दीचे बोळे कोंबूनही बूट लवकर वाळत नाहीत. पावसाळी पँट बुटावरून खाली ओढून घेणे हाच उपाय.

खरेदीच्या वेळी फारसे कोणी विचारत नाही अशी एक गोष्ट म्हणजे लेस अडकवायचे आकडे. गुहा 3,888 मीटरवर आहे, दर्शनाआधी पादत्राणे काढावी लागतात आणि परत आल्यावर गारठलेल्या बोटांनी लेस बांधायची असते. वरच्या भागात छिद्रांऐवजी उघडे आकडे असल्यामुळे ते काम पटकन झाले.

तक्रार एकच, पण गंभीर आहे. यात्रेनंतर उजव्या बुटाचा सोल पुढून सुटू लागला आणि ‘झिजेला वॉरंटी लागू नाही’ म्हणून दुकानदाराने हात वर केले. शेवटी पेठेतल्या चर्मकाराने चिकटवून वर शिलाई मारून दिली. ती आजपर्यंत टिकून आहे.

बुटांचा सराव म्हणजे उंचीचा सराव नव्हे, हेही स्पष्ट लिहितो. सिंहगड जेमतेम 1,300 मीटर उंच आहे, त्यामुळे तिथे दम टिकला म्हणून महागुणसला विरळ हवेचा त्रास होणार नाही असे समजू नये आणि पहलगामला निदान एक दिवस विसाव्याचा ठेवावा. पुढच्या वर्षी जाणाऱ्यांनी बूट थंडीतच घ्यावेत, म्हणजे ते पायात मुरतील आणि चिकटाईतला दोषही वॉरंटीच्या मुदतीत उघड होईल.