'वाडा सेट' मागणाऱ्याला लेयरची फाइल देऊ नका

'द सिम्स ४' या गेमसाठी भिंतींचे रिकलर, म्हणजे गेममधल्या भिंतींना नवे रंग आणि चित्रं, करणाऱ्या कुणाला सध्या 'मराठी वाड्याचा सेट करतोय, भिंती तुम्ही कराल का, पैसे देतो' असा मेसेज आला असेल, तर उत्तर द्यायच्या आधी हे वाचा. माझे यात दहा हजार गेले आणि वीस भिंतीही गेल्या. पैशाचं वाईट वाटतंच, पण राग भिंतींचा जास्त आहे.

ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी: सिम्स म्हणजे घर बांधायचं, त्यात माणसं वसवायची आणि त्यांचे संसार बघत बसायचं. ऑक्टोबर २०२२मध्ये मूळ गेम फुकट झाला, मीही तेव्हाच घेतला. त्यात वॉलपेपर आहेत, विटा आहेत, लाकडी फळ्या आहेत. नीळ घातलेला चुना आणि खाली गेरूचा पट्टा मात्र शोधून सापडत नाही. मग 'सिम्स ४ स्टुडिओ' हे फुकट सॉफ्टवेअर घ्यायचं, गेममधल्याच एका भिंतीवर आपलं चित्र चढवायचं आणि तयार झालेली पॅकेज फाइल मॉड्स (गेमला बाहेरून जोडायच्या फाइली) फोल्डरात टाकायची. ऐकायला सोपं आहे. पण गेममध्ये भिंतींच्या उंच्या तीन. एकच चित्र ताणून तिन्हींना लावलं तर गेरूचा पट्टा उंच भिंतीवर कमरेपर्यंत चढतो, म्हणून प्रत्येक डिझाइन तीनदा मांडावं लागतं. शिवाय डावी कड उजव्या कडेला बेमालूम जुळली नाही तर दर चौकटीला शिवण दिसते. शिवणीचा प्रश्न मला कधी पडला नाही, कारण मी सोलापुरात चादरीच्या कारखान्यात जकार्डची, म्हणजे मागावर विणतानाच उमटणाऱ्या नक्षीची, डिझाइनं करते. रिपीट, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी नक्षी, जुळवणं हे माझं पोटापाण्याचंच काम आहे.

मला मेसेज करणाऱ्या त्या माणसाने हे सगळं माझ्या जुन्या पोस्टांवरून वाचून ठेवलं होतं. जानेवारीत पहिला मेसेज आला तोच 'ताई, यंदा गड्डा कसा काय झाला?' असा. (गड्डा म्हणजे आमची सिद्धेश्वराची जत्रा.) पुण्याचा आहे म्हणाला, मामा सोलापुरात साखर पेठेत राहतात म्हणाला. बोलणं गोड, घाई अजिबात नाही. वीस रंगांचे पंधरा हजार ठरले आणि हजार रुपये आगाऊ खरोखर माझ्या खात्यात आले. हे मुद्दाम सांगते, कारण 'आधी पैसे घे मग काम कर' हा सल्ला सगळे देतात. त्याने तो सल्ला पाळूनच मला गुंडाळलं. हजार रुपये हा त्याचा धंद्यातला खर्च होता.

भिंतींपैकी एका सेटवर मोर होते. आमच्या घरी कारखान्यातली सेकंडच्या मालातली एक जुनी चादर आहे. मागाला नक्षी सांगणाऱ्या तिच्या कार्डांमध्ये काही भोकं पाडायची राहून गेली होती, त्यामुळे प्रत्येक मोराच्या पिसाऱ्यात डावीकडून तिसरं पीस अर्धंच विणलं गेलंय. कार्डातली चूक एकदा होऊन थांबत नाही, रिपीट येईल तिथे तीही येते. म्हणूनच ती चादर सेकंडला गेली आणि आमच्या घरी आली. मला ते अर्धं पीस आवडतं. भिंतीवर मोर घेतले तेव्हा ते तसंच ठेवलं.

मी त्याला गेममधले स्क्रीनशॉट पाठवले, सकाळच्या उन्हातले वेगळे आणि रात्री दिव्याखालचे वेगळे. त्याला पसंत पडले. मग म्हणाला, 'ताई, गेरू उन्हात फार नारिंगी दिसतोय, मी इकडे जरा उतरवून बघतो, लेयरची फाइल द्या ना.' तक्रार खरी होती. त्या गेमच्या उन्हात गेरू नारिंगीच दिसतो. ज्याने हे कधी केलंय त्यालाच हे सुचेल, म्हणून तर त्याच्यावर विश्वास बसला. फाइल गेली.

फरक समजून घ्या. पॅकेज फाइल कुणालाही उघडता येते, त्यातलं चित्र बाहेर काढता येतं, ते थांबवणं आपल्या हातात नाही. पण ते चपटं चित्र असतं. चुना, गेरू, मोर, ओलीचे डाग, सगळं एकात एक मिसळलेलं. लेयरच्या फाइलमध्ये हे सगळं सुटं असतं. तिच्यातून वीसाचे दोनशे रंग एका दुपारी निघतात आणि वर 'मूळ फाइल माझ्याकडे आहे' असं मिरवताही येतं. चोराला पुरावाच आपल्या हाताने दिल्यासारखं ते होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पैसे. मोबाइलवर मेसेज आला, खात्यात चोवीस हजार जमा. लगेच त्याचा फोन: 'ताई, चौदाच्या जागी चोवीस टाकले हो, बहिणीच्या ऑपरेशनचे होते ते, दहा परत करा.' मी बँकेचं ॲप उघडायला घेतलं की पुन्हा फोन. ठेवला की परत. मागे बाई रडतेय. मग तिनेच फोन घेतला, 'अहो ताई, दवाखान्यात काउंटरला उभी आहे मी.' शेवटी दहा हजार पाठवले आणि फोन थांबले. खात्यात पाहिलं तर चोवीस हजार कधी आलेच नव्हते. तो मेसेज साध्या दहा आकडी मोबाइल नंबरवरून आला होता. बँकेचे मेसेज अक्षरी नावाने येतात, तुमच्या इनबॉक्समधले जुने काढून बघा. ते एकामागून एक फोनही उगाच नव्हते. खातं तपासायला लागतो तेवढा एक मिनिट मिळू न देणं हेच त्या फोनांचं काम.

महिनाभराने कारखान्यातल्या एका मुलाने मोबाइल पुढे केला. 'मॅडम, ह्ये तुमचंच हाय काय बे?' (आमच्याकडे बे मॅडमलाही चालतं.) 'हेरिटेज वाडा वॉल्स', पैसे भरा मगच डाउनलोड, कायमचं. मोर पोपटी, मोर जांभळे, मोर किरमिजी. आणि प्रत्येक मोराचं डावीकडून तिसरं पीस अर्धं.

मी त्याला लिहिलं. उत्तर आलं ते शांतपणे धमकीचं. 'ताई, सिम्ससाठी पैसे घेऊन काम करणं कंपनीच्या नियमात बसत नाही. तक्रार केलीत तर तुमचंच अकाउंट जाईल.' मला वाटतं हेच त्याचं खरं हत्यार आहे. यामुळेच याआधी फसलेल्या कुणी तोंड उघडलं नसावं. तो नियम मग मी बसून वाचला. मॉड आणि कस्टम कंटेंट विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, देणगी चालते, काही काळ आधी डाउनलोड करायची सोय फक्त देणगी देणाऱ्यांना दिली तरी चालते, पण नंतर ते सगळ्यांना फुकट मिळालं पाहिजे. म्हणजे कायमचं कुलूप लावून तोच नियम मोडत होता. आणि खोटा मेसेज दाखवून दहा हजार उकळणं हा गुन्हा आहे, त्याचा गेमच्या नियमांशी काही संबंध नाही. पोलिसांना तुमच्या भिंती कोणत्या गेमच्या आहेत याच्याशी काय करायचंय?

पैसे गेल्यावर १९३०ला फोन मी त्याच रात्री केला होता. हा सायबर फसवणुकीचा सरकारी हेल्पलाइन नंबर आहे. पैसे समोरच्या खात्यातून पुढे सरकायच्या आत कळवलं तर ते तिथेच गोठवता येतात, म्हणून आधी नवऱ्याला सांगू की आईला, असा विचार करत बसू नका. व्यवहाराचा यूटीआर नंबर (बँकेने त्या व्यवहाराला दिलेला क्रमांक), समोरचा यूपीआय आयडी, खोट्या मेसेजचा स्क्रीनशॉट हाताशी ठेवा. नंतर राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर लेखी तक्रार टाकली. माझ्या दहापैकी काही रक्कम एका खात्यात अडकवली आहे असं कळलंय; हातात अजून आलेली नाही. जिथे तो पॅक विकायला होता तिथे चादरीचा फोटो, माझ्या फाइलची जुनी तारीख आणि अर्ध्या पिसाचा जवळून काढलेला फोटो पाठवला. पॅक उतरवला गेला. त्याचे पैसे कितीजणांनी भरले, देव जाणे.

अक्कलकोट रोडच्या एका पोराकडे हाच माणूस वेगळ्या वाटेने गेला. त्याला 'रेफरन्स फोटो' म्हणून झिप पाठवली, आत फोटोंबरोबर एक ईएक्सई, म्हणजे उघडताच चालू होणारा प्रोग्राम. पोराने उघडली नाही, शहाणा निघाला. भिंतीच्या रिकलरमध्ये नुसती चित्रं असतात, पॅकेज फाइल पुरते. भिंतींच्या नावाखाली कुणी ईएक्सई किंवा टीएसफोरस्क्रिप्ट (सिम्समध्ये कोड चालवणारी) फाइल देत असेल तर ती कचऱ्यात टाका. २०२४च्या सुरुवातीला सिम्सच्या काही मॉडांमधून स्क्रिप्टच्या आडून मालवेअर पसरलं होतं, ही काही ऐकीव गोष्ट नाही.

मी काम अजून घेते. आता स्क्रीनशॉटवर आडवं नाव टाकून पाठवते, पैसे बँकेच्या ॲपमध्ये दिसले की पॅकेज देते, लेयरची फाइल कुणालाच नाही. यावर एक-दोघे रुसले. रुसू देत.

तो माणूस नाव बदलून अजून फिरतोय. परवा पंढरपूरच्या एका मुलीला मेसेज आला, तिने मला दाखवला. नाव वेगळं, नंबर वेगळा. या वेळी मामा पंढरपुरात आहेत आणि सेट चाळीचा हवाय. गेरूची ती तक्रार मात्र शब्दाला शब्द तीच.