जुन्या घराचं लाकूड सांगून ओलं अकेशिया गळ्यात मारतात, सांभाळा

बागेत अवजारांसाठी लाकडी शेड किंवा छोटा मांगर बांधायचा विचार असेल आणि कोणी ‘जुन्या घराचं ऐनी लाकूड (म्हणजे ऐनाच्या झाडाचं) स्वस्तात देतो’ म्हणत आला, तर पैसे हातात ठेवण्याआधी हे वाचा. गुहागर तालुक्यात आमची यात फसवणूक झाली आणि त्याच माणसाने आसपासच्या गावांतही हेच केलं आहे.

जुनं लाकूड घेण्यात काहीच गैर नाही, हे आधी सांगते. कोकणात कौलारू घरं पाडून स्लॅबची घरं उभी राहतायत. त्यातून निघणारं ऐन, किंजळ, फणस, साग वर्षानुवर्षं चुलीच्या धुरात वाळलेलं असतं. जे आकसायचं, वाकायचं ते कधीच होऊन गेलेलं असतं. झाडाच्या आतल्या गाभ्याचं असेल तर वाळवीही सहजासहजी लागत नाही, आणि वखारीतल्या नव्या सागापेक्षा ते बरंच स्वस्त पडतं. कमी पैशात टिकाऊ शेड हवी असेल तर माझ्या मते याहून चांगला मार्ग नाही. लोकांना हे माहीत आहे, म्हणूनच हा धंदा चालतो.

आम्हाला दहा बाय आठची शेड हवी होती. फवारणीचा पंप, ग्रास कटर, खताच्या गोणी आणि आंब्याचे क्रेट ठेवायला. त्या माणसाने लाकूड, कौलं आणि मजुरी धरून 58 हजारांत उक्तं काम घेतलं आणि 35 हजार आधी मागितले. चिऱ्याचं जोतं, त्यावर खांब, वर मंगलोरी कौलं असं ठरलं होतं. व्हॉट्सअॅपवर लाकडाच्या ढिगाचा फोटो आला, त्यात पुढेच एक नक्षीचा खांब. टेम्पो आला तेव्हा वरचे तीन-चार वासे खरोखर जुने, काळेभोर, सांधे बसवायच्या कुसवांच्या खाचा असलेले. खालचा मालही तितकाच काळा. “वयनी, वजन बघा,” तो म्हणाला, “शंभर वर्षांचं ऐन हाय, नातवंडांच्या लग्नापर्यंत हलायचा नाय.”

वजन होतं ते पाण्याचं. खालचं सगळं अकेशिया, म्हणजे ऑस्ट्रेलियन बाभूळ होतं, नुकतंच तोडलेलं, कोवळ्या झाडांचं. त्याला जळकं ऑइल आणि काजळी चोळलेली होती. जुनेपण दिसावं म्हणून जागोजागी खिळे ठोकून उपटलेले होते. पावसाळ्यात एक वासा फाटला तेव्हा हे कळलं. मी कोयत्याच्या धारेने वरचा थर खरवडला. काळेपणा नखाएवढाही आत गेलेला नव्हता, खाली पिवळट पांढरं लाकूड. खिळ्यांची भोकं आतून स्वच्छ. खऱ्या जुन्या ऐनाच्या वाशात खिळा गंजून भोवतीचं लाकूड आतपर्यंत निळसर काळं झालेलं असतं. शेजारच्या काकांनी त्यांच्या पडवीतला तुकडा आणून दोन्ही शेजारी ठेवले, मग शंका उरली नाही.

आपल्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. ओलं लाकूड त्यात वाळत नाही. वासे वाकले, कौलं सरकली, पाणी थेट गोण्यांवर आलं आणि युरिया पाघळला. भाद्रपदात वाशांखाली पिठासारखा बारीक भुसा पडायला लागला. झाडाचा बाहेरचा पांढरा भाग किडीला गोड लागतो, कुठल्याही जातीचं झाड असो, आणि आमच्या मालात निम्म्याहून जास्त तोच भाग होता. ठरलेलं जोतंही त्याने केलं नाही. खांब खड्ड्यात पुरून भोवती सिमेंट ओतलं. लाकूड आकसलं की सिमेंट आणि खांब यांच्यात फट पडते, तिच्यात पाणी साचतं आणि खांब बुडातून कुजतो. आमचे दोन कुजले.

मापातही खोट. बिलावर वासे चार बाय तीन इंचाचे, आठ फुटी, चौदा नग. रुंदी गुणिले जाडी इंचात, गुणिले लांबी फुटात, भागिले 144, म्हणजे 9.33 घनफूट. टेपने मोजले तर प्रत्येक वासा साडेतीन बाय अडीच. म्हणजे 6.8 घनफूट. चौथ्या हिश्श्याहून जास्त लाकूड नुसतं कागदावर! रंधा मारल्यावर थोडं कमी होतं हे खरं, पण या वाशांना रंधा लागलेलाच नव्हता.

तेव्हा असा माल घेताना तो कुठल्या घराचा ते विचारा आणि पाडलेल्या त्या घराचं जोतं बघायला जा. खरा विक्रेता घर आणि मालक दोन्ही दाखवतो. आमच्या माणसाने ‘तिकडे राजापूरच्या बाजूला’ यापलीकडे काही सांगितलं नव्हतं. टेम्पो रिकामा होताना मधला आणि तळाचा वासा ओढून काढा, टोकाचा दोन इंच तुकडा करवतीने कापायला लावा. ताजा छेद लपवता येत नाही: गाभा किती, पांढरा भाग किती, ओल आहे की नाही, सगळं समोर येतं. तो कापायला नको म्हणाला तर टेम्पो तसाच परत पाठवा. मुंबईत राहून फोनवर काम देणाऱ्यांनी तर गावातल्या एखाद्या सुताराला मजुरी देऊन उभं करावं, कारण हा माणूस मुख्यतः चाकरमान्यांनाच गाठतो. वेळणेश्वरच्या एका ओळखीच्या वैनींकडेही त्याच नक्षीच्या खांबाचा फोटो आला होता. त्यांचे 40 हजार गेले.

त्याचा नंबर आता बंद आहे. आमच्याकडे बिल, पैसे पाठवल्याची नोंद, मेसेज आणि वाशांचे कापलेले तुकडे आहेत. ते घेऊन रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करतोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, मात्र तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. 1915 या हेल्पलाइनवरही माहिती मिळते. नक्षीच्या खांबाचा तो फोटो तुमच्याकडे आला असेल तर मेसेज पुसू नका आणि खराब लाकूड चुलीत घालू नका. तुमचीही तक्रार दाखल करा.