होळकर कॉलेज की पंचवीस मुलांचा वर्ग? इंदूरच्या बायोवाल्यांसाठी

बारावी बायोने झाली, नीटला थोडक्यात हुकलं, आता बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजी. लोकमान्य नगरात आमच्या शेजारच्या ताईंकडे सध्या रोज रात्री हीच चर्चा. लेकीपुढे दोन वाटा आहेत: भंवरकुआंचं सरकारी होळकर सायन्स कॉलेज, १८९१ पासूनचं, भलं मोठं, नाहीतर वर्गात जेमतेम पंचवीस मुलं असलेलं खासगी कॉलेज. मी मोठ्या कॉलेजात शिकले आणि छोट्यात बारा वर्षं शिकवलं, म्हणून लिहिते.

खरा फरक प्रॅक्टिकलला पडतो. ग्रॅम स्टेनिंगच घ्या, म्हणजे जीवाणू रंगवून त्यांचे दोन गट ओळखायची पद्धत. काचेच्या स्लाइडवर पसरलेल्या जीवाणूंच्या पातळ थरावर, म्हणजे स्मिअरवर, क्रिस्टल व्हायोलेट हा जांभळा रंग, मग आयोडीन, मग अल्कोहोल, शेवटी सॅफ्रॅनिन हा गुलाबी रंग. मेख जांभळा रंग धुणाऱ्या अल्कोहोलपाशी आहे. ते काही सेकंद जास्त राहिलं की जे जीवाणू जांभळे दिसायला हवेत तेही गुलाबी दिसतात. दोन-चार स्लाइडी बिघडल्याशिवाय हाताला तो अंदाज येत नाही. आम्ही एका मायक्रोस्कोपवर सहा जणी होतो. तीन वर्षांत माझ्या हाताने स्टेनिंग झालं ते दोनदा. पुढे माझ्या विद्यार्थिनी मात्र आपापली स्लाइड करायच्या, आणि बिघडली तर त्याच तासात दुसरी.

अर्थात छोटं म्हणजे चांगलंच, असं नाही. काही ठिकाणी पीसीआर मशीन (डीएनएच्या प्रती काढणारं) फक्त पाहुण्यांना दाखवायला असतं. म्हणून प्रवेशाआधी लॅबमध्ये जा आणि इन्क्युबेटर, म्हणजे जीवाणू वाढवायचं उबदार कपाट, उघडून दाखवा म्हणा. आत मुलांच्या अक्षरात नाव-तारीख घातलेल्या पेट्री डिश (जीवाणू वाढवायच्या चपट्या बश्या) दिसल्या, तर लॅब चालू आहे. आत स्टेशनरी ठेवलेली असेल तर तिथूनच परत फिरा.

सरकारी कॉलेजची फी कमी, विषयांची निवड जास्त, सीनियर भरपूर. यात छोट्याला बरोबरी करता येत नाही.

चौथ्या वर्षाचा हिशेब मात्र आजच करा. चार वर्षांची, रिसर्चसह ऑनर्स पदवी हवी असेल तर यूजीसीच्या नियमाप्रमाणे पहिल्या सहा सेमिस्टरना ७५ टक्के लागतात, आणि विभागात पीएच.डी.चे मान्यताप्राप्त गाइड असलेले किमान दोन कायम प्राध्यापकही. छोट्या कॉलेजात ते सहसा नसतात. विचारायला संकोच करू नका.

पुढे एम.एस्सी.साठी जॅम किंवा गॅट-बी ही प्रवेश परीक्षा दिली, तर गुण तुमच्या पेपरचे असतात, कॉलेजच्या नावाचे नाहीत. विज्ञान अकादम्यांच्या उन्हाळी फेलोशिपला शिक्षकाचं पत्र लागतं, आणि पंचवीस मुलांत शिकवणारा शिक्षक ते तुम्हाला ओळखून लिहितो.

ताईंच्या लेकीला मी सांगितलं: संशोधनातच जायचं पक्कं असेल तर होळकर. तसं नसेल आणि लॅब खरी असेल, तर छोटं कॉलेज बिनधास्त घे. शनिवारी आम्ही दोघी तिथला इन्क्युबेटर बघायला जातोय.